श्वास मोजणारी छातीतली तार : वाचकांचे प्रश्न

हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या छातीत बसवलेली काही यंत्रं ठोक्यांबरोबर श्वासही मोजतात, असा उल्लेख मागच्या अंकात ओझरता आला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. गोळ्यांबद्दल जिथे लिहिलं आहे तिथे डोस ठरवण्याचं काम तुमच्या डॉक्टरांचंच आहे.

प्रश्न : वडिलांचं वय ६४. हृदयाचं पंपिंग २८ टक्के, म्हणून तीन तारांचं सीआरटी-डी (हृदयाच्या दोन्ही बाजू एकत्र ठोकायला लावणारं आणि गरज पडल्यास झटका देणारं यंत्र) बसवलं. घरी सोडताना सांगितलं की हे यंत्र श्वासावरही लक्ष ठेवतं. पण यंत्र खांद्याखाली आणि तारा हृदयात. फुप्फुसात काहीच घातलेलं नाही, मग त्याला श्वास कळतो कसा? (जळगाव)

उत्तर : तारेचं टोक हृदयात आणि यंत्राची धातूची डबी डाव्या कॉलरबोनखाली. या दोन टोकांच्या मधल्या रस्त्यावर डाव्या फुप्फुसाचा भाग येतो. यंत्र या रस्त्याने विजेचे अतिशय क्षीण स्पंद सोडत राहतं. ते इतके बारीक असतात की हृदयाचा स्नायू त्यांनी हलत नाही आणि वडिलांना काही जाणवतही नाही. त्या विजेला वाटेत किती अडथळा झाला, एवढंच यंत्र ओहममध्ये मोजतं.

हवा वीज वाहून नेत नाही. श्वास आत घेतला की फुप्फुसात हवा भरते आणि अडथळा वाढतो. श्वास सोडला की कमी होतो. म्हणजे यंत्राला सतत वरखाली होणारी एक लाट दिसते. मिनिटाला किती लाटा आल्या, तो श्वासाचा वेग. लाट किती उंच, त्यावरून श्वास खोल की उथळ ते कळतं. ही युक्ती नवी नाही. माणूस जिना चढू लागला की ठोके आपोआप वाढावेत, यासाठी पेसमेकरमध्ये ती १९८०च्या दशकापासून वापरली जाते.

दुसरी मोजणी त्या लाटेच्या पायाची. शेतात मोटरचं अर्थिंग कमजोर झालं की खड्ड्यात मिठाचं पाणी ओततात, कारण ओल्या-खारट मातीतून वीज सहज जाते. फुप्फुसाचंही तसंच आहे. तिथे पाणी साचू लागलं की सरासरी अडथळा दिवसेंदिवस खाली येतो. मेडट्रॉनिकची ‘ऑप्टिव्हॉल’ ही पद्धत मुख्यतः याच घसरणीवर चालते.

आता श्वास का बदलतो, ते पाहू. डावं हृदय पुढे पुरेसं रक्त ढकलू शकलं नाही की मागे फुप्फुसाच्या शिरांत दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी फुप्फुसाच्या ऊतींत झिरपतं. फुप्फुस जड आणि ताठ होतं. ते पूर्ण फुगवायला जास्त जोर लागतो, म्हणून शरीर लहान-लहान आणि भराभर श्वास घेऊ लागतं. यात केशवाहिन्यांशेजारच्या ‘जे रिसेप्टर’ नावाच्या मज्जातंतूंच्या टोकांचाही वाटा आहे. ती आपल्याच देशातल्या अवतारसिंग पेंटल या शास्त्रज्ञांनी शोधली. श्वासाच्या वेगाला एका श्वासाच्या आकारमानाने भागलं की एक गुणोत्तर मिळतं. आकड्यांत सांगायचं तर मिनिटाला १६ श्वास आणि प्रत्येक श्वास अर्धा लिटर असेल तर १६ भागिले ०.५ म्हणजे ३२. तोच माणूस २८ श्वास घेऊ लागला आणि प्रत्येक श्वास ०.३ लिटरवर आला, तर गुणोत्तर ९३ होतं. श्वासाचा वेग दुपटीपेक्षाही कमी वाढला, पण गुणोत्तर जवळजवळ तिप्पट झालं. म्हणून नुसत्या वेगापेक्षा हे गुणोत्तर जास्त बोलकं आहे.

मात्र यंत्राला खरे लिटर मोजता येत नाहीत, त्याला फक्त लाटेची उंची दिसते. त्यामुळे वडिलांच्या आकड्याची तुलना शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी करायची नसते. ती त्यांच्याच गेल्या महिन्याच्या आकड्याशी करायची. आणि बसवल्यावर पहिला महिनाभर जखमेच्या जागी सूज व पाणी असतं, तेव्हा पाण्याच्या रीडिंगवर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : आईला त्रास झाला तरी ती सांगत नाही. फार झालं तर ‘माले दम लागस’ एवढंच म्हणते, आणि तोवर भरती करायची वेळ आलेली असते. यंत्राला किती दिवस आधी कळतं? (अमळनेर)

उत्तर : आईंसारखे पेशंट खूप आहेत. आजार हळूहळू वाढतो तसं माणूस आपलं चालणं, जिना, उशी सगळं नकळत कमी-जास्त करून घेतो आणि विचारलं की ‘बरं आहे’ म्हणतो. यंत्राचा उपयोग इथेच आहे.

बिघाडाला एक क्रम असतो. आधी हृदयातला आणि फुप्फुसाच्या शिरांतला दाब वाढतो. मग पाणी झिरपतं, श्वास उथळ होतो, रात्रीचे ठोके वाढतात, दिवसाची हालचाल कमी होते. वजन आणि पायांवरची सूज पुष्कळदा उशिरा येते, आणि काहींचं वजन तर फारसं वाढतही नाही. यंत्र या क्रमाच्या मधल्या टप्प्यावर नजर ठेवतं.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ३३ पेशंटच्या एका अभ्यासात छातीतला विद्युत अडथळा त्रास जाणवण्याच्या सरासरी १५ दिवस आधी घसरू लागलेला दिसला. बोस्टन सायंटिफिकची ‘हार्टलॉजिक’ ही पद्धत श्वास, अडथळा, हृदयाचा पहिला आवाज, हृदयावर ताण आला की वाढणारा तिसरा आवाज, रात्रीचे ठोके आणि हालचाल एकत्र करून एकच आकडा देते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो १६ च्या वर गेला की अलर्ट जातो. २०१७ च्या ‘मल्टीसेन्स’ अभ्यासात ९०० पेशंट होते. त्यात बिघाडाचे ७० टक्के प्रसंग आधी ओळखता आले आणि त्यांतल्या निम्म्या प्रसंगांत इशारा ३४ किंवा त्याहून जास्त दिवस आधी मिळाला.

याच आकड्यांची दुसरी बाजूही वाचावी. शंभरातले तीस प्रसंग निसटले. आणि कारण न सापडलेले अलर्ट एका पेशंटमागे वर्षाला साधारण दीड आले. म्हणून यंत्र गप्प आहे पण आईला रात्री उठून बसावं लागतं आहे, अशा वेळी आईचं ऐका. खाली वाकून चप्पल घालताना अर्ध्या मिनिटात दम लागतो का, रात्री एका उशीच्या दोन उशा झाल्या का, झोपेतून घाबरून उठते का, हे तिला विचारण्यापेक्षा स्वतः बघा.

प्रश्न : इस्पितळातून फोन आला की यंत्राने अलर्ट दिला आहे, लघवीची गोळी वाढवा. पण वडील ठणठणीत आहेत, पायाला सूज नाही, वजनही तेवढंच. त्रास नसताना गोळी का वाढवायची? आणि अलर्ट आला की नेमकं करायचं काय? (भुसावळ)

उत्तर : त्रास नसतानाच अलर्ट यावा यासाठी तर ही सगळी खटपट आहे. पण तुमची शंका रास्त आहे, कारण निव्वळ अलर्टने कुणी बरं होत नाही. २०११ च्या ‘डॉट-एचएफ’ अभ्यासात ३३५ पेशंटपैकी एका गटात पाणी वाढल्यावर यंत्र आवाज करून पेशंटला कळवत असे आणि डॉक्टरांनाही ती माहिती दिसे. दुसऱ्या गटात दोन्ही बंद. आवाज असलेल्या गटात हार्ट फेल्युअरसाठी भरती कमी व्हायच्या ऐवजी जास्त झाल्या. आवाज ऐकून लोक इस्पितळ गाठत आणि आलेल्या पेशंटला दाखल करून घेतलं जाई, हे त्याचं पटणारं स्पष्टीकरण आहे. आमच्या मते यातून एकच गोष्ट घ्यावी : अलर्ट आल्यावर काय करायचं, हे अलर्ट येण्याआधी कागदावर लिहून ठेवलेलं असावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून तो कागद मागून घ्या. कोणाला फोन करायचा, कोणती गोळी किती दिवस कितीने वाढवायची, रक्तदाब किती खाली असेल तर वाढवायची नाही, हे त्यावर हवं.

फोन आला त्या दिवशी आधी घरातली कारणं शोधा. गेल्या पंधरा दिवसांत कोणती गोळी संपली होती का? एस.टी.चा प्रवास किंवा लग्नकार्य म्हणून लघवीची गोळी टाळली का? हे सगळ्यांत जास्त आढळतं आणि पेशंट ते आपणहून सांगत नाहीत. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सुरू केलं का? या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात. दुकानातून ‘अंगदुखीचा’ म्हणून मिळालेल्या पुडीत काय होतं तेही विचारा, स्टिरॉइड असेल तर त्यानेही पाणी साचतं.

मग मीठ. दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं : भाजी, भाकरी, ठेचा. कळण्याच्या भाकरीसोबत एक बिबडं आणि कैरीच्या लोणच्याची फोड, संध्याकाळी शेवभाजी, एवढ्यावर हिशेब केव्हाच ओलांडला जातो. उन्हाळ्यात वाळवणं होतात तेव्हा चव बघता-बघताही मीठ जातं. पापडखारातही सोडियमच असतं, तो मिठासारखा खारट लागला नाही तरी. गॅससाठी घेतात त्या फसफसणाऱ्या पावडरीतही सोडियम असतं. उलट ‘कमी सोडियमचं मीठ’ स्वतःच्या मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनसारख्या गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

ताप, खोकला आहे का ते बघा. नाडी अनियमित लागते का? एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) सुरू झालं तर गोळीपेक्षा तिकडे आधी लक्ष द्यावं लागतं. बसून आणि उभं राहून रक्तदाब मोजा. हे सगळं कळवलं की डॉक्टरांना गोळी वाढवायची की कारण दूर करायचं हे ठरवता येतं. वाढवली तर आठ-दहा दिवसांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करा, आणि यंत्राचा आकडा खाली आला का तेही त्याच सुमारास विचारा. आकडा उतरला की वाढवलेली गोळी कधी कमी करायची, हेही विचारायला विसरू नका. तात्पुरता म्हणून वाढवलेला डोस महिनोन्‌महिने तसाच चालू राहतो आणि मूत्रपिंडं थकतात.

मात्र बसल्याजागी वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुलाबी फेसाळ बेडका पडत असेल तर फोनाफोनी करत बसू नका. रुग्णाला बसतं ठेवा आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : चोपड्याचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास, शेतात जाणं बंद नाही. यंत्राचा आकडा एकदम छान आला, पण मला उठल्यावर चक्कर येते. (चोपडा)

उत्तर : आकडा छान आला याचा अर्थ फुप्फुसात पाणी नाही, एवढाच. घामाने शरीर कोरडं पडलं आणि लघवीची गोळी तेवढीच चालू राहिली तर विद्युत अडथळा वाढतो. रिपोर्टवर ते सुधारल्यासारखं दिसतं, पण रक्तदाब आणि मूत्रपिंडं घसरत असतात. उठल्यावर चक्कर, गडद आणि कमी लघवी, तीन दिवसांत दोनेक किलो वजन उतरणं, हे दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. उन्हाळ्यापुरती गोळी कमी करावी लागणं नेहमीचंच आहे. उलट्या-जुलाब झाले तर लघवीच्या गोळीबरोबर मधुमेहाच्या व हृदयाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्याही थांबवायच्या का, ते लगेच विचारा.

नुसत्या अशक्तपणासाठी ओआरएस पीत राहू नका. एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे १.७ ग्रॅम सोडियम असतं, म्हणजे दिवसभराच्या ५ ग्रॅम मिठात जेवढं सोडियम असतं, जवळपास तेवढंच.

प्रश्न : मालक झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. मग हळूहळू मोठे-मोठे श्वास, परत कमी, परत बंद. बघून जीव घाबरतो. यंत्राच्या रिपोर्टमध्येही झोपेतल्या श्वासाचा आकडा जास्त आला आहे. श्वासासाठी मास्कचं मशीन घ्यावं का? (पाचोरा)

उत्तर : तुम्ही लिहिलेलं वर्णन चेन-स्टोक्स श्वासाचं आहे. डब्लिनच्या जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये ते नोंदवलं. कमजोर हृदयामुळे फुप्फुसातलं रक्त मेंदूपर्यंत पोहोचायला उशीर होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याची बातमी मेंदूला शिळी मिळते. तोवर श्वास जरुरीपेक्षा जास्त घेतले गेलेले असतात, म्हणून मेंदू श्वास थांबवतो. मग कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तीही बातमी उशिरा पोहोचते. हे एक आवर्तन साधारण पाऊण ते दीड मिनिटाचं असतं. आवर्तन लांबत चाललं तर हृदय मंदावल्याची ती खूण असू शकते.

दुसरा प्रकार घशातली वाट बंद होण्याचा. त्यात घोरणं असतं, आणि श्वास थांबला तरी छाती-पोट धडपडत राहतं. चेन-स्टोक्समध्ये श्वास थांबतो तेव्हा छाती शांत असते. छातीतलं यंत्र श्वास किती वेळा थांबला वा उथळ झाला हे मोजतं, पण हे दोन प्रकार ते खात्रीने वेगळे करू शकत नाही. तासाला ५ ते १५ प्रसंग सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र, असं झोपेच्या तपासणीत धरतात. यंत्राचा आकडा हा त्या तपासणीला जायचा इशारा समजा. तोवर छाती आणि पोट दोन्ही दिसतील अशा बेताने मोबाइलवर तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

मास्कचं मशीन तपासणीशिवाय घेऊ नका, ऑनलाइन तर मुळीच नको. ‘एएसव्ही’ प्रकारचं मशीन श्वास आपणहून जुळवून घेतं आणि चेन-स्टोक्ससाठी ते उत्तम ठरेल असं वाटलं होतं. पण २०१५ च्या ‘सर्व्ह-एचएफ’ अभ्यासात ज्यांचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी आणि श्वास मुख्यतः मेंदूकडून थांबत होता, अशा १३२५ पेशंटपैकी मशीन लावलेल्या गटात हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. घसा बंद होण्याच्या प्रकारात सीपॅप (सतत दाबाने हवा देणारं) मशीन उपयोगी पडतं. म्हणूनच प्रकार आधी ठरला पाहिजे. चेन-स्टोक्समध्ये पहिला उपाय म्हणजे हार्ट फेल्युअरचंच औषध नीट बसवणं. ते बसलं की पुष्कळांचा रात्रीचा श्वासही सुधारतो.

प्रश्न : धडगावच्या वरच्या पाड्यावर राहतो. वीज जाते-येते, मोबाइलला रेंज नाही. यंत्राची माहिती इस्पितळाला पाठवायला घरी दिलेल्या डब्याचा उपयोग काय? (धडगाव)

उत्तर : डबा पलंगापासून दोन-तीन मीटरच्या आत ठेवा. बहुतेक डबे रात्री यंत्रातली माहिती वाचतात आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून पाठवतात. रेंज नसेल तर माहिती पुढे जात नाही, पण यंत्रात ती साठलेली राहते. महिन्यातून एकदा बाजाराला खाली उतरता तेव्हा डबा बरोबर नेऊन, रेंज आणि वीज असलेल्या ठिकाणी त्यावरच्या बटणाने स्वतः माहिती पाठवता येते का, हे बसवणाऱ्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. तेही जमत नसेल तर दर तीन महिन्यांनी इस्पितळात यंत्र वाचून घ्या आणि श्वास व पाण्याच्या आलेखाचा कागद मागून घ्या. आणखी एक : माहिती पोहोचली तरी पलीकडे चोवीस तास कुणी डॉक्टर बसलेला नसतो. डबा म्हणजे तातडीची सेवा नव्हे.

प्रश्न : जिनिंगमध्ये काम करतो. हंगामात खोकला होतो. त्याने खोटा अलर्ट येईल का? (शिरपूर)

उत्तर : येऊ शकतो. कापसाची धूळ, दमा, न्यूमोनिया, ताप, रक्त कमी होणं, कशानेही श्वासाचा वेग वाढतो. वेग वाढला पण पाण्याचा आलेख जागच्या जागी आणि हृदयाचा तिसरा आवाज वाढलेला नाही, असं असेल तर आधी छातीचा डॉक्टर गाठावा. न्यूमोनियात मात्र पाण्याचा (म्हणजे विद्युत अडथळ्याचा) आलेखही खाली येतो, म्हणून ताप असेल तर एक्स-रे काढा.

प्रश्न : वडिलांचं पंपिंग ४० टक्के आहे. यंत्र बसवलेलं नाही. केवळ श्वासावर लक्ष ठेवण्यासाठी बसवून घ्यावं का? (धुळे)

उत्तर : नाही. झटका देणारं आयसीडी साधारणपणे पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असेल, पूर्ण औषधं तीन महिने देऊनही तसंच राहिलं असेल, आणि हार्ट अटॅक आला असल्यास त्याला ४० दिवस उलटले असतील तर बसवतात. सीआरटी ईसीजीतल्या ठोक्याच्या लाटेची (क्यूआरएस) रुंदी बघून ठरतं. श्वासाची मोजणी ही या यंत्रांची जोडसोय आहे. केवळ लक्ष ठेवण्यासाठी बसवतात असा ‘कार्डिओमेम्स’ हा सेन्सर आहे. तो जांघेतल्या शिरेतून फुप्फुसाच्या धमनीत सोडतात, त्याला बॅटरी नसते आणि तो थेट दाब मोजतो. ५५० पेशंटच्या ‘चॅम्पियन’ अभ्यासात त्याने सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरची भरती २८ टक्क्यांनी कमी झाली. पण तो मुख्यतः हार्ट फेल्युअरसाठी आधी भरती व्हावं लागलेल्यांसाठी आहे.

वडिलांसाठी घरची मोजणी करा. ते गाढ झोपले की छाती वर जाऊन खाली येणं हा एक श्वास धरून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, झोपेतला श्वास एकसारखा नसतो. सात रात्रींचे आकडे कॅलेंडरवर लिहा, ती त्यांची सरासरी. पुढे सलग दोन-तीन रात्री ती स्पष्ट वाढलेली दिसली किंवा २० च्या वर राहिली तर सकाळचं वजन आणि रक्तदाब घेऊन डॉक्टरांना फोन करा. हार्ट फेल्युअरसाठी दिल्या जाणाऱ्या चारही गटांची औषधं त्यांना मिळत आहेत का, हेही त्याच वेळी विचारा. मिळत नसतील तर कोणत्याही सेन्सरच्या आधी ती हवीत.

प्रश्न : पेसमेकर असलेल्या काकूंचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. मॉनिटर लावल्याबरोबर ठोके एकदम १२० झाले आणि सगळे घाबरले. मॉनिटर काढला की उतरले. हे काय होतं? (साक्री)

उत्तर : इस्पितळातले बरेच मॉनिटर छातीवर चिकटवलेल्या ईसीजीच्या तारांतूनच श्वास मोजतात, आणि तेही विजेच्या अडथळ्यावरूनच. त्यांचा सिग्नल पेसमेकरच्या श्वास-सेन्सरमध्ये मिसळला की काकू जोरात धापा टाकत आहेत असा पेसमेकरचा समज होतो आणि तो ठरलेल्या वरच्या मर्यादेपर्यंत ठोके वाढवतो. हा हृदयाचा बिघाड नाही, त्यावर ठोके कमी करणारं इंजेक्शन देऊ नये. मॉनिटरमधली श्वासाची मोजणी बंद केली की प्रश्न मिटतो. त्याहून चांगलं म्हणजे ऑपरेशनआधी पेसमेकरचं ओळखपत्र भूलतज्ज्ञांना दाखवावं आणि सेन्सर तेवढ्यापुरता बंद करून घ्यावा. रक्तस्राव थांबवायच्या विजेच्या उपकरणाचाही या यंत्रावर परिणाम होतो, म्हणून ऑपरेशननंतर यंत्र पुन्हा तपासून घ्या आणि सेन्सर परत चालू केला का, हे घरी सोडण्याआधी विचारा.